फडके आवरा!

ऐन दिवाळीत मी स्वच्छतेच्या विरुद्ध लेखणी उचलली आहे, असे कुणाला वाटले तर खुशाल वाटो. माझे भांडण स्वच्छतेशी नाही. ते फडक्याशी आहे. रोज सकाळी मोटारीवरून फिरणारे ते कोरडे, करडे, आपला मूळचा रंग कधीच विसरलेले फडके आणि त्याची थोरली बहीण ती पिसांची झटकणी, ही दोघे मिळून मोटारीच्या रंगाचे जेवढे वाटोळे करतात, तेवढे आपल्या रस्त्यांवरचे खड्डेही करीत नसतील. खड्डा निदान उघडपणे समोर येतो आणि शिव्या खातो. फडके येते ते सेवेच्या नावाखाली.

माझ्या भाच्याने एक जुनी, दोन दारांची, काळी कुळकुळीत स्पोर्ट्स मोटार घेतली आहे. तिच्यात बसताना मला गुडघे हनुवटीपर्यंत आणावे लागतात, हा मुद्दा वेगळा. पण गाडी देखणी! आणली तेव्हा तिच्या दारात उभे राहून भांग पाडता येत होता. सहा महिन्यांत त्या आरशावर कोळिष्टके धरली. उन्हात पाहावे तर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक रेघांची वर्तुळेच वर्तुळे. भाचा हादरला आणि इमारतीतले शहाणे एकमुखाने म्हणाले, "धुणाऱ्याने वाट लावली!"

थांबा. धुणाऱ्याकडे आपण येऊच. आधी त्या रेघांचे काय ते पाहू.

आपण ज्याला मोटारीचा रंग म्हणतो तो एकच थर नव्हे. पत्र्यावर अस्तर, त्यावर रंग आणि सर्वांत वर एक पारदर्शक थर. सगळ्यांची मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन, आणि त्यातला वरचा पारदर्शक थर जेमतेम 40-50. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा हिस्सा. वाचकहो, आपल्या डोक्यावरचा एक केस (शिल्लक असेल तर) 70 मायक्रॉनच्या आसपास भरतो. म्हणजे ज्या झळाळीसाठी लाखो रुपये मोजले, ती केसाहून पातळ! आणि आपल्या रस्त्यांवरची धूळ म्हणजे काही चेहऱ्याला लावायची पावडर नव्हे. तीत वाळू असते, गारेचे कण असतात. काठिण्याच्या मोस-मापावर गारेचा क्रमांक 7. काचेचासुद्धा साडेपाचच्या घरात. हे कण कोरड्या फडक्यात धरून बॉनेटवर गोल गोल फिरवायचे, याला आपण पुसणे म्हणतो. सुतार यालाच पॉलिशपेपर मारणे म्हणतो.

पांढऱ्या मोटारीवर हेच पाप होते, पण झाकले जाते. पांढरा रंग चहूकडे इतका उजेड उधळतो की रेघेची चकाकी त्यात बुडून जाते. काळा रंग उजेड गिळतो; मग प्रत्येक रेघेची कड अंधारातल्या काजव्यासारखी चमकते. रेघा असतात वाटेल तशा, पण ज्या उजेडाला आडव्या पडतात तेवढ्याच डोळ्यांत भरतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळे दिसतात. काळा रंग नाजूक आहे असे जे म्हणतात ते त्याच्यावर अन्याय करतात. तो फक्त खोटे बोलत नाही.

आता धुणारा. आमच्याकडचा गडी पहाटे पाचला येतो. त्याच्याकडे 30 मोटारी, एक बादली आणि एक फडके. प्रत्येक मोटारीमागे महिन्याला आपण त्याच्या हातावर जे टेकवतो, त्यात दोन माणसांचे हॉटेलातले एक जेवण होणार नाही. नळ कुठे, तर इमारतीच्या मागे. आणि पाण्याचा जपून वापर करा, ही पाटी त्याच्या डोक्यावर. अशा माणसाने काय करावे? पहिल्या मोटारीचा चिखल दुसरीला, दुसरीचा तिसरीला, आणि पंचविसाव्या क्रमांकावर आमच्या भाच्याची काळी सुंदरी! रेघा पडल्यावर त्याचे अर्ध्या महिन्याचे पैसे कापावेत अशी सूचना सभेत आली. मी उठून विचारले की फडके कोणी पुरवले? बादली कोणी? रोज पुसलेच पाहिजे हा हुकूम कोणाचा? उत्तर आले नाही. चहा मात्र आला.

"पण रोज धुवायला पाणी कुठून आणायचे?" असे विचारणारे सज्जन आहेत. रोज धुवा असे म्हटले कोणी? हिशेब करा. नीट धुण्याला 15 लिटरच्या तीन बादल्या पुरतात. पंधरवड्यातून एकदा धुतले तर महिन्याला 90 लिटर. रोज प्रामाणिकपणे अर्धी बादली वापरली तर महिन्याला 225. आणि अर्धी बादली वापरत नसाल, तर शेजाऱ्याचा चिखल वापरता आहात. मधल्या दिवसांत धूळ बसली तर बसू द्या. बसलेली धूळ काही करत नाही, घासलेली करते.

धुण्याची रीत तरी काय अवघड आहे? मोटार सावलीत, बॉनेट गार. काळा पत्रा उन्हात असा तापतो की पाणी पुसण्याआधी वाळते, आणि बोअरचे जड पाणी असले की क्षारांचे पांढरे ठिपके मागे ठेवते. एक बादली नुसती अंगावर ओतून मोकळी धूळ आधी वाहून जाऊ द्यायची. मग एका बादलीत शांपूचे पाणी आणि दुसरीत साधे. मऊ मायक्रोफायबरचा हातमोजा प्रत्येक फेरीनंतर साध्या पाण्यात खळबळून मगच शांपूत. टपापासून खाली यायचे, हात सरळ न्यायचा, चाकांचे फडके निराळे. आपल्या घरी देवाच्या भांड्यांचे आणि खरकट्याचे एकच फडके वापरून पाहा, आई काय म्हणते ते कळेल! भांडी घासायचा साबण मात्र नको. तो तेलकटपणा काढण्यासाठीच जन्मलेला आहे, मेणाचा थरही काढून नेतो.

मेण म्हटले की विक्रेते आलेच. कार्नोबा मेण हे ब्राझीलच्या ईशान्येकडील एका ताडाच्या पानांवरचे. ते खरेच छान चमकते, पण आपल्या उन्हापावसात काही आठवड्यांचा पाहुणा. मग सिरॅमिक कोटिंगवाले. "नाइन-एच काठिण्य आहे साहेब, ओरखडा उठणारच नाही!" हा नाइन-एच म्हणजे पेन्सिलच्या परीक्षेतला आकडा. 9एच पेन्सिलीने ओरखडा उठत नाही, एवढाच त्याचा अर्थ. मोस-मापावरच्या 9 शी त्याचा सुतराम संबंध नाही, आणि वाळूचा कण पेन्सिल घेऊन येत नसतो. पाणी घरंगळते, घाण कमी चिकटते, हे त्याचे गुण मान्य. ओरखड्यावर उपाय म्हणून विकणे ही लबाडी. पारदर्शक पॉलियुरेथेनचा जाड पापुद्रा चिकटवतात तो खरा चिलखतासारखा. त्याची किंमत ऐकून भाच्याने पाणी मागितले. उरला मशीनने पॉलिश करण्याचा मार्ग. रेघा जातात, पण भोवतीचा थर तासून! केसाहून पातळ ठेव, दरसाल मोडून खायची.

काही जण मला विचारतात, एवढे कौतुक कशाला, मोटार आहे की देव्हारा? हे विचारणाऱ्यांनीच दसऱ्याला तिच्या बॉनेटवर ओल्या कुंकवाचे स्वस्तिक काढले होते आणि तारेत ओवलेला झेंडूचा हार बंपरला बांधून गावभर फिरवला होता. पूजा जरूर करा. कुंकू काचेवर लावा, हार दोऱ्याचा घाला आणि फिरायला निघण्याआधी काढा, म्हणजे देवीही रागावणार नाही.

आणि आता या चार दिवसांत काय होणार ते सांगतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांची राख, जळका कागद, मातीची कपची असे सगळे गाड्यांवर पडेल. पाडव्याला सकाळी नवे कपडे घालून मालक खाली उतरतील, काळी मोटार करडी झालेली पाहतील आणि गड्याला हाक मारतील, "अरे, जरा फडके मार!" त्या हाकेआधी मी खाली उभा असणार आहे. गड्याला त्या दिवशी सुट्टी द्यावी, दिवाळीची पोस्त द्यावी, वाहनतळाजवळ एक नळ, दोन बादल्या आणि डझनभर मायक्रोफायबरची फडकी संस्थेच्या खर्चाने आणावीत आणि धुणे पंधरवड्यातून एकदा, पण पगार आहे तोच, असा ठराव मी लिहून ठेवला आहे. भाच्याची सही झाली आहे. आणखी एक अनुमोदक हवा.