विमा कुणाचा? आपला की गिऱ्हाइकाचा?

दिवाळीच्या आधीचे दोन महिने पौड, पिरंगुट, भूगाव या आपल्या पट्ट्यात बचत गटाच्या बायकांना श्वास घ्यायला फुरसत नसते. कुणी रंगीत मेणबत्त्या करतं, कुणी आकाशकंदील, कुणी कापडी बाहुल्या, कुणी गोधड्या. माल पुण्याच्या प्रदर्शनांत जातो, ताम्हिणीकडे निघालेले पर्यटक वाटेत थांबून घेतात. कच्चा माल किती, स्टॉलचं भाडं किती, बँकेचा हप्ता किती, सगळं वहीत टिपलेलं असतं. एक रकाना मात्र कुठल्याच वहीत दिसत नाही. आपण विकलेल्या वस्तूनं कुणाला इजा झाली, तर भरपाई कोण देणार?

प्रश्न विचारला की बायका म्हणतात, ‘ताई, शुभ बोला ना!’ पण मेणबत्तीचं काचेचं भांडं तडकू शकतं. कंदिलातली वायर तापू शकते. बाहुलीच्या डोळ्याचं बटण तान्ह्या बाळाच्या घशात अडकू शकतं. आपण मन लावून केलेली वस्तू म्हणून ती धोक्याची नसते, असं थोडंच आहे?

दुसरं उत्तर हमखास मिळतं, ‘आमचा विमा आहे की!’ इथेच मोठा घोळ आहे. बँकेनं वर्षाला २० रुपये कापून दिलेला असतो तो प्रधानमंत्री सुरक्षा विमा. तो आपल्याला अपघात झाला तर आपल्या घरच्यांसाठी. २०२१ पासून छोट्या उद्योगांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ नावाची पॉलिसी आली. ती आग, पूर, वादळ यांत आपला माल आणि यंत्रं गेली तर आपल्यासाठी. दोन्ही चांगले आहेत, जरूर घ्यावेत. पण गिऱ्हाइकाचा हात भाजला तर या दोन्हींतून तिला एक पैसा मिळणार नाही. त्यासाठी तिसरा विमा लागतो, आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा. त्याला लायबिलिटी, म्हणजे दायित्वाचा विमा म्हणतात.

याची गरज आत्ताच का? तर कायदा बदललाय. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला आणि त्यात सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेची भरपाई मागण्याचं वेगळं प्रकरणच आहे. वस्तू बनवणारा म्हणजे फक्त मोठा कारखानदार, असं त्यात नाही. घरच्या ओट्यावर मेण वितळवणारी बाईही त्यात येते. वस्तूत दोष असेल, ती कशी वापरायची ते नीट सांगितलं नसेल, किंवा आपण दिलेला भरवसा खोटा ठरला, तर जबाबदारी बनवणाऱ्यावर. ‘अजिबात भडकत नाही हो ताई’ असं आपण स्टॉलवर सहज म्हणून जातो. ते मनापासून म्हटलं होतं, एवढ्यानं सुटका होत नाही. शिवाय गिऱ्हाईक राहतं तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करू शकतं. माल पौडचा आणि तारीख नागपूरची, असंही होऊ शकतं.

आणखी एक. आपल्यातल्या कितीतरी जणी बोहरी आळीतून दिव्यांच्या माळा आणून आपल्या मालाबरोबर विकतात. अशा वस्तूचा बनवणारा कोण तेच कळत नसेल, तर कायदा विकणाऱ्याला धरतो. म्हणून पक्कं बिल घ्या आणि जपून ठेवा.

वस्तू विकत घेणारी एक आणि इजा झालेली दुसरीच, असंही घडतं. १९२८ साली स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावात मे डोनोह्यू नावाच्या, दुकानात नोकरी करणाऱ्या गरीब बाईला मैत्रिणीनं जिंजर बिअर पाजली. बाटलीत कुजलेली गोगलगाय निघाली आणि आपण आजारी पडलो, असं तिचं म्हणणं. बाटलीचे पैसे तिनं दिलेच नव्हते, तरीही ती बनवणाऱ्याविरुद्ध थेट वरच्या न्यायालयापर्यंत गेली. १९३२ मध्ये निकाल लागला की आपली वस्तू ज्याच्यापर्यंत पोचणार, त्याची काळजी घेणं हे बनवणाऱ्याचं कर्तव्य आहे. आपल्या पणत्या आणि मेणबत्त्या तर निम्म्या भेट म्हणूनच जातात!

आता मुद्द्याची गोष्ट. बहुतेक बचत गट म्हणजे नोंदणी झालेली संस्था नसते. बँकेत खातं असतं, ठरावाची वही असते. पण कायद्याच्या नजरेला गट म्हणजे त्यातल्या दहा-बारा बायकाच. एकीनं केलेल्या कंदिलावर गटाचं नाव असेल, तर भरपाईचा बोजा सगळ्यांच्या बचतीवर येऊ शकतो. मुलीच्या शिक्षणासाठी आठवड्याला वीस-पन्नास रुपये करून साठवलेला पैसा एका नोटिशीत जाऊ शकतो.

मग विमा निवडायचा कसा? सरकारी चार सर्वसाधारण विमा कंपन्या आहेत, खासगी कितीतरी. रक्कम लहान असली की एजंट फारसा उत्साह दाखवत नाही. तरी हे प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नका.

पहिला प्रश्न, कोणता प्रकार? स्टॉलचा बांबू गिऱ्हाइकाच्या डोक्यात पडला, तर पब्लिक लायबिलिटी. घरी नेलेल्या मेणबत्तीनं पडदा पेटला, तर प्रॉडक्ट लायबिलिटी. एक आहे म्हणून दुसरा आपोआप मिळत नाही.

दुसरा, रक्कम किती? यात दोन आकडे असतात, एका अपघाताला जास्तीत जास्त किती आणि वर्षभरात मिळून किती. दोन्ही बघा. पहिले काही हजार आपल्या खिशातून भरायचे असतात, तो आकडाही विचारा. आपली विक्री किती, एवढ्यावरून रक्कम ठरवू नका. शंभर रुपयांच्या मेणबत्तीनं भाजलेल्या मुलाचा दवाखाना शंभर रुपयांत होत नाही.

तिसरा, दावा कधीचा धरणार? प्रॉडक्ट लायबिलिटीत साधारणपणे भरपाईची मागणी येते त्या दिवशी पॉलिसी चालू असावी लागते. दिवाळीत विकलेल्या वस्तूची नोटीस पुढच्या पावसाळ्यात आली आणि मधे हप्ता चुकला असला, तर सगळंच वाया. म्हणून फक्त प्रदर्शनाच्या चार दिवसांचा विमा मालासाठी पुरत नाही.

चौथा, अर्जात काय लिहिलंय? नुसतं ‘हस्तकलेच्या वस्तू’ असं मोघम नको. मेणबत्ती, वायरचा कंदील, बाहुली, एकेक नाव लिहा. धोक्याची वस्तू लपवली तर हप्ता कमी बसेल, पण वेळ आली की दावा फेटाळला जाईल. कोरा अर्ज एजंटच्या हाती देऊ नका. पैसे कंपनीच्या नावानं भरा. कुणाचा भाचा गोधड्या अमेरिकेला नेऊन विकणार असेल तर तेही सांगा, कारण साध्या पॉलिसीत तिथल्या कोर्टातले दावे सहसा येत नाहीत.

पाचवा, नाव कुणाचं? बनवते ती आणि विकते तो गट, दोन्ही नावं पॉलिसीत हवीत. उद्यम नोंदणी फुकट होते, ती करून ठेवा. कंपनीशी वाद झाला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. तिथे दाद लागली नाही तर पुण्यात विमा लोकपालांचं कार्यालय आहे. एकट्या मालकिणीची आणि सूक्ष्म उद्योगाची तक्रार तिथे चालते आणि त्याला फी पडत नाही.

हंगामात रोजावर बोलावलेल्या बायकांचा विचार वेगळा करायला हवा. त्या या दायित्वाच्या पॉलिसीत येत नाहीत, त्यांच्यासाठी कामगार भरपाईचा विमा असतो. जून २०२१ मध्ये आपल्याच मुळशीत उरवड्याला रसायनाच्या कारखान्यात आग लागली आणि सतरा कामगार गेले. बहुतेक बायकाच होत्या. डिसेंबर २०२३ मध्ये तळवड्याला वाढदिवसाच्या केकवरच्या ठिणग्या उडणाऱ्या मेणबत्त्यांचा कारखाना पेटला, तिथेही राबणाऱ्या बायकाच गेल्या. त्या कारखान्याला परवाना नव्हता, असं प्रशासनानं सांगितलं. दारूकामाची वस्तू घराच्या पडवीत करण्याच्या फंदात कुणी पडू नये. कुठलाही विमा त्या चुकीला पांघरूण घालणार नाही.

आणि विमा आहे म्हणून काळजी सोडायची नाही. वस्तू कधी केली, मेण कुठून आणलं, याची नोंद ठेवा. ‘जळती मेणबत्ती एकटी सोडू नका’, ‘तीन वर्षांखालच्या मुलांना देऊ नका’ अशी मराठीतली चिठ्ठी प्रत्येक वस्तूला लावा. ती चिठ्ठी गिऱ्हाइकाला वाचवते आणि उद्या आयोगापुढे आपल्यालाही.

एकेका गटाला हप्ता जड जाईल, हे खरं आहे. म्हणूनच हे काम प्रभाग संघानं अंगावर घ्यावं. ‘उमेद’च्या बैठकीत कर्जाचे आणि परतफेडीचे आकडे दर महिन्याला वाचले जातात, त्यात विम्याचा विषय आला पाहिजे. वीस-पंचवीस गटांनी मिळून कंपनीकडे दर मागितला, तर कंपनीलाही ऐकून घ्यावं लागेल. इंग्लंडमध्ये कित्येक हस्तकला जत्रांत लायबिलिटी विम्याचा कागद दाखवल्याशिवाय स्टॉलच मिळत नाही. आपल्याकडे तशी सक्ती केली तर गरीब बाईच बाहेर राहील. त्यापेक्षा प्रदर्शन भरवणाऱ्यांनीच सगळ्या स्टॉलचा मिळून विमा काढावा आणि त्याचा वाटा भाड्यात धरावा. भाडं भरताना मैत्रिणींनो, पावती घेता घेता एवढं विचाराच, ‘यात विमा आहे का?’ दहा जणींनी विचारलं, तर पुढच्या वर्षी तो असेल.