सोप्या वाटेची बाजू

गेल्या पावसाळ्यात आमच्या वर्गाचा ट्रेक ठरला. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिला प्रश्न आला, "कठीण आहे ना?" कुणीतरी "सोपा आहे" असं लिहिलं आणि पाच-सहा जणांनी नावंच मागे घेतली. शेवटी एक आडवाटेचा धबधबा निवडला. आमच्यातल्या एका मैत्रिणीला दम्याचा त्रास आहे. पहिल्याच चढणीवर ती थांबली, "तुम्ही व्हा पुढे" म्हणाली आणि आम्ही परत येईपर्यंत एका दगडावर बसून राहिली. धबधब्यासमोर आमचा झकास फोटो निघाला. त्यात ती नाही. आणि खरं सांगायचं तर त्या वाटेवरचं एकही झाड मला आज आठवत नाही. आठवतात त्या फक्त पुढे चालणाऱ्याच्या चिखलाने भरलेल्या टाचा.

तेव्हापासून माझं एक मत झालं आहे आणि ते आपल्या मंडळासमोर मांडावं म्हणून हा लेख. आपण सोप्या वाटांना उगाच कमी लेखतो. "त्यात काय, कुणीही जाईल," असं आपण म्हणतो. पण कुणीही जाऊ शकतं हाच तर त्या वाटेचा मोठेपणा आहे. जिथे आजी येऊ शकते, धाकटा भाऊ येऊ शकतो, दमेकरी मैत्रीण येऊ शकते, ती वाट सगळ्यांची असते.

अवघड चढाईला माझा विरोध नाही. तिच्यातून धीर येतो, शिस्त येते. पण तिला तयारी लागते, जाणता वाटाड्या लागतो. आपण रील बघून निघतो. जुलै २०२३ मध्ये नेत्रावळी अभयारण्यातल्या मैनापी धबधब्यावर दोघे जण बुडाले आणि त्यानंतर अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायला बंदी आली. दर पावसाळ्यात अशी एखादी बातमी वाचायची, हळहळायचं आणि पुढच्या रविवारी पुन्हा तसंच निघायचं, याला धाडस म्हणत नाहीत.

आपला गोवा अवघा ३,७०२ चौरस किलोमीटरचा. त्यात दोन-तीन किलोमीटर रमतगमत चालावं अशा जागा किती आहेत! डिचोलीजवळचं मयेचं तळं डोंगरांच्या कुशीत आहे. हल्ली तिथे ५५ मीटर उंचीवरून बंजी जंपिंग करता येतं. हौस असेल त्यांनी जरूर उडी मारावी. पण तळ्याच्या काठाने सावकाश चालणाऱ्यालाही तिथे पुष्कळ मिळतं. जुन्या गोव्याजवळचं करमळीचं तळं माणसांनी पावसाचं पाणी अडवून शेतीसाठी राखलेलं. थंडीत तिथे अडई, वारकरी, जांभळी पाणकोंबडी असे पक्षी काठावरून नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. कुडचड्याचं नंदा तळं ४२ हेक्टरचं. २०२२ साली ते गोव्यातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत बसलं. तिथलं साठवलेलं पाणी खालच्या भातशेतीला जातं. परीक्षेत गुण मिळावेत म्हणून आपण हे नाव पाठ केलं. तिथे जाऊन आलेले आपल्यात किती?

दिवाडी बेटावर फेरीबोटीने जा आणि खाजनाच्या बांधावरून चाला. एका बाजूला खारं पाणी आणि खारफुटी, दुसऱ्या बाजूला भाताची शेतं, मधे तुम्ही. बांधात जागोजाग मानशी दिसतील. भरतीच्या पाण्याच्या रेट्याने मानशीचं दार आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं आणि शेतातलं जादा पाणी बाहेर सोडतं. ना वीज, ना मोटर. आपल्या पूर्वजांची ही अक्कल वर्गात बसून नीट कळत नाही. बांधावर उभं राहिलं की दहा मिनिटांत कळते.

आणि सडा! आपण गाडीतून जाताना त्याला "मोकळा माळ" म्हणतो. उन्हाळ्यात तो खरोखरच करपलेला दिसतो. पण पावसाळ्यात त्याच जांभ्या दगडावर दीपकाडी, तेरडा, गेंद, सीतेची आसवे अशी फुलं येतात. ही फुलं इवलीशी असतात, गुडघ्यावर बसल्याशिवाय दिसत नाहीत. जांभा दगड सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेलं पाणी त्यात मुरतं आणि पायथ्याच्या झरींतून, विहिरींतून हळूहळू बाहेर येतं. म्हणजे वरचा सडा हा खालच्या गावाची पाण्याची टाकीच आहे.

माझ्या मताचं खरं कारण इथेच आहे. आमच्या बार्देशातल्या गावातून सड्यावरून पलीकडे जाणारी एक पायवाट होती. माझी आजी तरुणपणी दर शुक्रवारी डोक्यावर मिरच्यांची पाटी घेऊन त्या वाटेने म्हापशाच्या बाजाराला जायची. मागच्या दिवाळीत मी तिला म्हटलं, "चल, तुझी वाट दाखव." काठी टेकत, दोनदा बसून आम्ही वर पोचलो. वर वाटेवरच लोखंडी गेट आणि आत मातीचे ढीग. आजी गेटला हात लावून थोडा वेळ उभी राहिली. मी चिडून गेट लावणाऱ्यांना नावं ठेवू लागलो, तर ती म्हणाली, "चलूंक ना जाल्यार वाट मरता." कुणी चाललं नाही तर वाट मरते. घरी आल्यावर चौकशी केली तेव्हा कळलं, गेट लागून दोन वर्षं झाली होती. दोन वर्षांत गावातलं कुणीच तिथून गेलं नव्हतं, म्हणून कुणी हरकतही घेतली नव्हती. त्या "कुणी"मध्ये मीही आलोच.

कायदे आपल्याकडे आहेत. डोंगर कापायचा किंवा सखल जमीन बुजवायची तर नगर व ग्रामनियोजन कायद्याच्या कलम १७-अ नुसार परवानगी लागते. वहिवाटीची वाट कुणी अडवली तर मामलेदार कोर्टाच्या कायद्याखाली दाद मागता येते. पण दाद मागायला आधी वाट अडवली गेल्याचं कुणाच्या तरी लक्षात यायला हवं. ते सरकारी कचेरीत बसून लक्षात येत नाही. रोज, निदान महिन्यातून एकदा तिथून चालणाऱ्याच्याच लक्षात येतं.

कुणी म्हणेल, अशा जागांची नावं छापली की तिथेही गर्दी होईल, बाटल्या फुटतील. भीती खरी आहे. सड्यावर फुटलेल्या काचा मी पाहिल्या आहेत. पण त्या चालत आलेल्यांनी टाकलेल्या नव्हत्या. गाडीचे टायर फुलांवरून थेट तिथवर गेले होते. जागा लपवून वाचत नाही. लपलेल्या जागेचा सौदा तर आणखी गुपचूप होतो.

तेव्हा मंडळाला माझी एक सूचना आहे. महिन्यातून एका शनिवारी दुपारी चालायला जाऊ. रविवारी आपले निम्मे मित्र मिसला असतात, म्हणून शनिवार. अंतर तीन-चार किलोमीटर, त्याहून जास्त नाही. सगळ्यांत हळू चालणारा सर्वांत पुढे, बाकीचे मागे. घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला सोबत आणायचं. नेलेला कचरा परत आणायचा.

"हे मराठी मंडळाचं काम आहे का? निसर्ग मंडळाला सांगा," असं कुणी विचारेल. मला वाटतं हे आपलंच काम आहे. केर, मोरड, खाजन, मानस, झर, व्हाळ, घाटी, सडा हे शब्द आपल्यातल्या किती जणांना अर्थासकट माहीत आहेत? मळ्याला, टेकाडाला, वाटेवरच्या दगडालासुद्धा जुन्या माणसांकडे नावं आहेत. ती कोणत्याही पुस्तकात नाहीत. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' आपण वाचतो, त्याचं कौतुक करतो. बारा महिने डोळे उघडे ठेवून बघितल्याचंच ते फळ आहे. आपणही प्रत्येक वाटेवर ऐकलेली नावं वहीत लिहू आणि या अंकात छापू. उद्या कुणी "इथे वाट नव्हतीच" म्हणालं, तर निदान आपल्या अंकात तिचं नाव असेल.

पहिली फेरी करमळीच्या तळ्याची ठेवावी. रेल्वे स्टेशन जवळ आहे, चढण नाही. माझी आजी येणार आहे. त्या दिवशी दगडावर बसून राहिलेल्या मैत्रिणीलाही मी विचारलं. ती म्हणाली, "येईन, पण फोटोत मी मधे."