मुलांच्या पाठीवर कोणाचे नाव?

रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग सुटला की आमच्या आवारात चेंडू येतो. कोठून येतो ते कळत नाही. पण चौथीपासून नववीपर्यंतची पंचवीस-तीस मुले क्षणार्धात त्याच्यामागे धावू लागतात. ऑक्टोबरातल्या एका रविवारी आम्ही पायरीवर उभे राहून त्यांच्या पाठी वाचीत होतो. मेस्सी, रोनाल्डो, पुन्हा मेस्सी, नेमार, एमबाप्पे, पुन्हा रोनाल्डो. एकाच्या अंगात मुंबई सिटीची फिकट निळी जर्सी होती. ती त्याला अंधेरीच्या मामाने दिलेली. मोहने हे नाव कोणाच्याही पाठीवर वा छातीवर नव्हते.

हे सांगण्याचे कारण असे, की त्याच आठवड्यात आमच्या धर्मग्राम समितीपुढे एक प्रस्ताव आला. सणाच्या निमित्ताने शेजारच्या धर्मग्रामांतील मुलांशी फुटबॉलचे सामने व्हायचे आहेत, तेव्हा आपल्या मुलांना गणवेश हवा. एका उदार गृहस्थांनी सर्वांना बार्सिलोनाच्या जर्सी देण्याची तयारी दाखविली. त्यावर समितीत दोन तट पडले. एक म्हणे, मुलांना जे आवडते ते द्यावे, त्यात बिघडते काय? दुसरा म्हणे, ही परक्यांची हमाली आहे. आजच्या पिढीला गावाचा अभिमानच उरलेला नाही. दोन्ही बाजूंची मंडळी आम्हांला प्रिय आहेत. तरीही दोघांचे म्हणणे आम्हांला पटले नाही, आणि का पटले नाही हे तेथे अर्ध्या तासात नीट मांडता आले नाही, म्हणून येथे लिहीत आहोत.

प्रथम अभिमानवाल्यांशी बोलू. गावाच्या संघाशी निष्ठा ठेवा असे मुलांना सांगणाऱ्यांनी आधी गावाचा संघ दाखवावा. आम्ही गोरेगावच्या सेमिनरीत असताना सायंकाळचा फुटबॉल हा प्रार्थनेइतकाच नेमाचा होता, आणि सवड मिळाली की कूपरेजवर रोव्हर्स चषकाचे सामने पाहायला जाणे ही चैन होती. १८९१ साली सुरू झालेली ती स्पर्धा या शतकाच्या आरंभीच बंद पडली. त्या काळच्या मुंबईच्या फुटबॉलचा संसार बहुतांशी कंपन्यांच्या जिवावर चाले. मफतलाल, ऑर्के मिल्स, टाटा, एअर इंडिया, महिंद्र ही नावे तेव्हा पोरासोरांच्या तोंडी होती. पुढे महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली. चारच वर्षांनी, २०१० मध्ये, कंपनीने संघ विसर्जित केला. २००७ साली निघालेला मुंबई एफसी २०१७ मध्ये खालच्या श्रेणीत घसरला आणि संपला. आमच्या धर्मग्रामातील गोव्याकडची वडीलधारी माणसे धेंपो आणि साळगावकर यांच्या आठवणी काढतात. पाच वेळा देशाचे विजेतेपद मिळविणारा धेंपो आणि त्याचा तो जुना प्रतिस्पर्धी, दोघेही २०१६ मध्ये राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले होते.

मालकाने चालविलेली वस्तू मालकाने बंद केली की काय होते, हे मोहन्याला समजावून सांगायला नको. एनआरसीने येथे रेयॉनचा धागा काढला, वसाहत बांधली, शाळा दिली. वसई, गोवा, मंगळूर, केरळ, नगर अशा ठिकाणांहून आलेली आमची कुटुंबे त्या भोंग्यावर उठत आणि निजत. २००९ साली कारखान्याला टाळे लागले आणि हजारो कामगार आपल्या देण्यांसाठी वर्षानुवर्षे दारोदार फिरले. त्या कामगारांची नातवंडे आज आमच्या आवारात खेळतात. ज्या गावाने त्यांच्या आजोबांना दिलेला शब्द पाळला गेलेला पाहिला नाही, त्या गावाशी तू एकनिष्ठ का नाहीस, असे आपण त्या नऊ वर्षांच्या मुलाला विचारणार काय? आमच्या मते हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्यापैकी फार थोड्यांना आहे. वर्षभरात मुलांचा एक तरी सामना उभे राहून पाहिला, असे किती बाप छातीवर हात ठेवून सांगतील? आम्ही स्वतः गेल्या वर्षी दोन पाहिले. त्यांतल्या एकाच्या उत्तरार्धात आम्ही वर्तमानपत्र वाचीत होतो, हेही कबूल करतो.

मग मुंबई सिटी आहे की, असे कोणी म्हणेल. आहे, आणि चांगला संघ आहे. २०१४ साली स्थापन होऊन त्याने २०२०-२१ आणि २०२३-२४ असे दोनदा आयएसएलचे अजिंक्यपद पटकावले. पण आंबिवलीहून दादर, दादरहून अंधेरी असा दोन तासांचा प्रवास करून रात्रीचा सामना पाहायचा आणि टिटवाळ्याकडे परतणारी शेवटची लोकल गाठायची, हे दहा वर्षांच्या मुलाकडून दर पंधरवड्याला होणे नाही. शिवाय त्या संघाची बहुतांश मालकी २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकसमूहाकडे गेली, आणि लीगचेच भवितव्य डळमळू लागल्यावर २०२५ च्या डिसेंबरात तो समूह हात झटकून निघूनही गेला. संघ टिकला याचा आम्हांला आनंदच आहे. आपलेपणाची कागदपत्रे मात्र दुसऱ्याच्या तिजोरीत होती, हे त्यावरून दिसले.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. मुलांना आवडते ते द्या, असे म्हणणाऱ्यांना वाटते की आम्ही मेस्सीच्या विरुद्ध आहोत. मुळीच नाही. १८ डिसेंबर २०२२ रोजी, आगमनकाळातील चौथ्या रविवारी, विश्वचषकाचा अंतिम सामना होता. त्या रात्री कॅरोलच्या सरावाला चारच जण आले. पाचवे आम्ही, आणि पहिले गीत संपताच आम्हीच सर्वांना घरी पाठविले. उत्तम खेळ पाहून मन उचंबळते, त्यात पाप नाही. परंतु पाहणारा आणि घरचा यांत अंतर आहे, आणि बाजाराला ते पुसून टाकायचे असते. परदेशी क्लब दर हंगामाला दोन-तीन नव्या जर्सी काढतात. घरच्या मैदानाची एक, परमुलखातली एक, आणि तिसरी कशासाठी ते त्यांनाच ठाऊक. खऱ्या जर्सीची किंमत हजारांत. म्हणून आमची मुले शहाडपलीकडच्या उल्हासनगरातून काही शेकड्यांत मिळणारी नक्कल घालतात. नकलेला आमची हरकत नाही, गरिबाने आणखी काय करावे? हरकत आहे ती दरवर्षी जुन्या होणाऱ्या प्रेमाला. ज्या क्लबची जर्सी अंगात आहे तो क्लब हे मूल जगात आहे की नाही हेही जाणत नाही. संघ हरला तर त्याने काय करायचे? वाहिनी बदलायची. मेस्सी २०२१ मध्ये पॅरिसला गेला आणि २०२३ मध्ये मायामीला, तेव्हा आमच्या आवारातल्या पाठींचे रंगही त्याच्यामागोमाग बदलत गेले.

गंमत अशी, की ज्यांच्या जर्सी आपण दुरून पुजतो त्यांतले कित्येक संघ आपल्यासारख्याच आवारांत जन्मले. मँचेस्टर सिटी हा मुळात वेस्ट गॉर्टन या गिरणीकामगारांच्या धुरकट वस्तीतील सेंट मार्क्स या अँग्लिकन चर्चच्या माणसांनी १८८० साली उभा केलेला संघ होता. आजचे नाव त्याला १८९४ मध्ये मिळाले. ग्लासगोचा सेल्टिक १८८७ मध्ये ब्रदर वॉलफ्रिड या मारिस्ट संन्यस्ताने सेंट मेरीज चर्चच्या सभागृहात काढला, तो आयर्लंडहून आलेल्या निर्धन कुटुंबांतील मुलांच्या जेवणासाठी पैसे जमावेत म्हणून. आणि ब्यूनोस आयर्समध्ये १९०८ च्या सुमारास लोरेंझो मासा या सलेशियन फादरांनी रस्त्यावर चेंडू खेळणाऱ्या पोरांना आपले आवार उघडून दिले. रविवारी मिस्साला यायचे, एवढीच अट. तोच सॅन लोरेंझो. दिवंगत पोप फ्रान्सिस याच क्लबचे सभासद होते, आणि रोमला गेल्यावरही राहिले. १९७९ मध्ये या क्लबने आपले जुने मैदान गमावले आणि तेथे पुढे सुपरमार्केट उभे राहिले. बोएदोच्या रहिवाशांनी ते विसरण्याचे नाकारले. त्यांनी मोर्चे काढले, जमिनीच्या चौरस मीटरांसाठी वर्गणी जमविली. २०१२ मध्ये शहराच्या विधिमंडळाने त्यांच्या बाजूने कायदा केला आणि २०१९ मध्ये जमीन परत क्लबच्या नावावर झाली. बंद कारखान्याच्या भिंतीलगत राहणाऱ्या आम्हां मोहनेकरांना ही हकिकत वाचताना काय वाटते, ते लिहीत नाही.

इतके दूर जाण्याचीही गरज नाही. कोल्हापूरला जाऊन यावे. तेथे पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा तालीम, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब असे संघ पेठांतून आणि तालमींतून वाढले आहेत. शाहू स्टेडियमवर दोन तालमींची गाठ असली की दुकानदार शटर अर्धे ओढून सामन्याला जातो. आमच्या एका कोल्हापूरकर सहाध्यायी फादरांबरोबर आम्ही तो सामना पाहिला आहे. शेजारी बसलेल्या आजोबांना मेस्सी ठाऊक होता. पण उजव्या बगलेने धावणाऱ्या पोराच्या आजीने सकाळी कोणती भाजी घेतली, तेही ठाऊक होते. तो पोर चुकला की आजोबा त्याला नावाने शिव्या देत आणि मग इकडे तिकडे पाहत आमची क्षमा मागत. या निष्ठेला काळी बाजू आहे. तेथे हाणामाऱ्या झाल्या आहेत, हुल्लडबाजीमुळे स्पर्धांवर गदा आली आहे, आणि ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. पण २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. मुलगा मैदानात उतरला की पेठ त्याला पाहते, हे तेथे गृहीत धरलेले आहे.

जर्सीचा प्रश्न आम्हांला येथे येऊन भिडतो. मूल पाठीवर नाव घालते ते कोणीतरी आपल्याला ओळखावे म्हणून. मेस्सीचे नाव घातले की शाळेत त्याला ओळख मिळते. स्वतःच्या नावाने ती मिळत नाही, कारण त्या नावाने त्याला हाक मारणारे, त्याचा खेळ पाहून रात्री जेवताना त्याबद्दल बोलणारे कोणी नाही. १४ डिसेंबर २०२५ रोजी मेस्सी वानखेडेवर आला, तेव्हा आमच्या धर्मग्रामातले काही पालक मुलांना घेऊन गेले होते. तिकिटांना किती पैसे पडले ते त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. त्यांतल्या एका गृहस्थांना दुसऱ्या दिवशी एवढेच विचारले, की तुमचा मुलगा कोणत्या जागेवर खेळतो? ते म्हणाले, बहुधा पुढे. तो आमचा गोलरक्षक आहे.

समितीची दुसरी बैठक नोव्हेंबरात झाली होती. बार्सिलोनाची देणगी आम्ही साभार नाकारली; त्या उदार गृहस्थांना राग आला आणि त्यांचा राग आम्ही समजू शकतो. अठरा कोऱ्या जर्सी उल्हासनगरातून आणल्या. रंगावरून मुलांत दोन दिवस भांडण झाले आणि शेवटी पिवळा ठरला, कारण तो दुकानात पुरेसा शिल्लक होता. छातीवर देवनागरीत ‘मोहने’ आणि पाठीवर ज्याचे त्याचे नाव. एका मुलाने पाठीवर ‘मेस्सी’च हवे असा हट्ट धरला, त्याला आम्ही तसे करू दिले. छातीवर मात्र मोहनेच आहे. पहिल्या सामन्यात आमचा संघ चार गोलांनी हरला. पाहायला अकरा मोठी माणसे होती, त्यांत तीन आजोबा एनआरसीचे जुने कामगार. पुढचा सामना जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी, दुसऱ्या मिस्सानंतर आहे. बाके चर्चच्या मागील खोलीत आहेत. ती उचलून मैदानावर न्यायला माणसे हवीत.