विश्लेषण : चाप जड की दस्ता लांब? रायफल पोलिसाच्या मापाची का नसते?

गोळीबाराच्या सरावात नेम चुकला की प्रशिक्षणार्थीला ठरलेले वाक्य ऐकावे लागते : ‘चाप झटकू नकोस, सावकाश दाब.’ सल्ला चुकीचा नाही. पण पोलीस दलांत अजूनही दिसणाऱ्या ‘एसएलआर’सारख्या अर्धस्वयंचलित रायफलीच्या बाबतीत अनेकदा दोष बोटाचा नसतो, तर दस्त्याच्या लांबीचा असतो. ती मात्र कोणी मोजत नाही.

दस्ता लांब असेल तर काय होते?

दस्त्याच्या टोकापासून चापापर्यंतचे अंतर हे रायफलीचे खरे माप. ते हाताच्या मानाने जास्त असेल तर दस्ता खांद्याच्या खोबणीत बसत नाही, दंडावर सरकतो. गोळी सुटताना बसणारा धक्का मग तिथेच बसतो आणि दंड काळानिळा पडतो. मान पुढे ताणावी लागते. चापावर बोटाचे जेमतेम टोक पोहोचते, त्यामुळे तो सरळ मागे न येता बाजूला ढकलला जातो आणि नळी हलते. तक्रार होते, ‘चाप जड आहे.’ दस्ता फार आखूड असेल तर उलटे : धक्क्याबरोबर अंगठा नाकावर आदळतो.

महाराष्ट्रात पोलीस शिपाई भरतीसाठी किमान उंची महिलांना १५५ सेंटीमीटर, तर पुरुषांना १६५ सेंटीमीटर आहे. सहा फुटी जवान आणि १५५ सेंटीमीटरची महिला शिपाई यांच्या हाती चार किलोंहून जड असलेली तीच रायफल येते. गणवेश मापाचा मिळतो, बूट मापाचे मिळतात, मग रायफलच का नाही? भरतीत महिलांसाठी ३० टक्के आरक्षण असताना ‘सवय होईल’ हे उत्तर पुरेसे नाही. बंदोबस्तात चुकलेली गोळी गर्दीत जाते.

पूर्वी मापे नव्हती का?

होती, हीच गंमत. ‘थ्री नॉट थ्री’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ली-एनफील्डचे दस्ते लांब, मध्यम आणि आखूड मिळत. पहिल्या महायुद्धात बुटक्या सैनिकांच्या ब्रिटिश पलटणी उभ्या राहिल्या, तेव्हा त्याहून आखूड ‘बँटम’ दस्ता निघाला. ब्रिटिशांच्या एसएलआरचा दस्ताही चार मापांत येई. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी जे कळले होते, ते पुढे एकाच मापाच्या सोयीत हरवले.

अमेरिकेने हा धडा उलट्या वाटेने घेतला. १९८०च्या दशकातील ‘एम १६ ए २’चा दस्ता आधीच्या रायफलीपेक्षा सुमारे १६ मिलिमीटरने लांब झाला. त्यात चिलखती जाकीट घातले की त्याची जाडी मापात भर घालते. पुढच्या ‘एम ४’ला पुढे-मागे सरकणारा दस्ता आला आणि हा प्रश्न बराचसा मिटला.

मग चापाचा दोष कधीच नसतो?

असतो. त्याच ‘एम ४’मध्ये एका दाबात तीन गोळ्या सोडणारी यंत्रणा होती. तिच्यामुळे एकेक गोळी झाडतानाही चाप कधी हलका, कधी जड लागे. ‘एम ४ ए १’मध्ये ही यंत्रणा काढली गेली आणि चाप एकसारखा झाला. ही दुरुस्ती कारखान्याची किंवा प्रशिक्षित आर्मोररची. चाप हलका व्हावा म्हणून आतला खटका घासणे जिवावरचे आहे. खटक्याची पकड गेली तर रायफल नुसती आपटली तरी गोळी सुटू शकते. म्हणून क्रम महत्त्वाचा : आधी दस्ता, मग चाप.

उपाय महाग आहे का?

नेमबाजीत हा वादच नाही. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ज्या प्रकारात कांस्य जिंकले, त्यातील रायफली एकेक गोळी भरण्याच्या असतात. पण दस्त्याची लांबी आणि गालाचा टेकू खेळाडूच्या अंगाप्रमाणे लावलेला असतो. अमेठीजवळ कोरवा येथे तयार होणाऱ्या ‘एके २०३’चा दस्ताही लांबी बदलणारा आहे. मात्र ठाण्यांतल्या जुन्या रायफली एका रात्रीत जाणार नाहीत. त्यांच्यासाठी प्रशिक्षण केंद्रांनी निदान आखूड दस्त्यांचा एक संच ठेवावा आणि पहिल्या सरावाआधी प्रत्येकाचे माप घ्यावे. दस्त्याचे टोक कोपराच्या आतल्या बाजूला टेकवून बोट चापापर्यंत नीट पोहोचते का, हे रिकाम्या रायफलीवर तपासायला मिनिटभरही लागत नाही.