भरली गाडी थरथरते तेव्हा

गुळाचा हंगाम सुरू झाला की कोल्हापूर-सांगली भागातील गुऱ्हाळांवरून बाजार समितीकडे पिकअप गाड्यांची ये-जा वाढते. रिकामी असताना निमूट चालणारी गाडी याच दिवसांत अचानक कुरकुरू लागते. माल भरून दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की तिचे सारे अंग थरथरते आणि पाय उचलताच ती शांत होते. चालकाला हे पहिल्याच फेरीत जाणवते. पेढीवर बसलेल्या मालकापर्यंत मात्र ‘गाडी ओढत नाही’ एवढाच निरोप पोहोचतो, आणि तेवढ्या आधारावर गाडी गॅरेजमध्ये जाते.

मग इंजिनापासून सुरुवात होते. डिझेल फिल्टर बदलतो, इंजेक्टर तपासणीला जातात, तरी थरथर राहते. म्हणून गिअर बॉक्स उतरवून क्लच प्लेट घातली जाते. ऐन हंगामात गाडी उभी राहते, खर्च वाढत जातो, आणि सगळे सुटे भाग नवे झालेली गाडी पहिल्या भरल्या फेरीत पुन्हा तशीच थरथरते. यात मिस्त्रीचा दोष थोडा आणि तक्रारीच्या अपुरेपणाचा अधिक असतो. नेमके केव्हा हादरते, हे चालकाला कोणी विचारलेलेच नसते.

गाडी जागेवरून हलताना, क्लचवरचा पाय सुटत असतानाच हिसके देऊन शांत होत असेल, तर संशय क्लचवर किंवा इंजिनाखालच्या रबरी माउंटिंगवर घ्यावा. धावताना मध्येच दम तुटल्यासारखी अडखळत असेल, काळा धूर टाकत असेल किंवा उभ्या जागीही इंजिन असमान धडधडत असेल, तर दोष इंधनाच्या किंवा हवेच्या वाटेत असण्याचा संभव मोठा. पाय उचलल्यावरही डळमळ चालूच राहिली, तर आधी टायर आणि रिम पाहावेत. शेतवाटेवरचा चिखल रिमच्या आतल्या बाजूस वाळून बसला तरी चाकाचा तोल बिघडतो. अशा वेळी पाण्याचा पाइपच दुरुस्ती करून जातो.

उरलेल्या संशयासाठी एक सोपी कसोटी आहे. समजा, ताशी 40 किलोमीटरला तिसऱ्या गिअरमध्ये थरथर येते. त्याच वेगाने, त्याच भारानिशी चौथ्या गिअरमध्ये चालवून पाहावे. इंजिनाचे फेरे कमी होऊनही थरथर तशीच राहिली, तर दोष गिअर बॉक्सच्या मागे, म्हणजे बहुधा प्रोपेलर शाफ्टमध्ये आहे.

गिअर बॉक्सची शक्ती मागच्या ॲक्सलपर्यंत नेणारा हा पोलादी दांडा सरळ रेषेत नसतो. त्याच्या सांध्यांत चार टोकांचा ‘क्रॉस’ असतो आणि प्रत्येक टोक बारीक सुयांसारख्या रोलरांच्या टोपीत फिरते. या सांध्याची मूळ खोड अशी, की कोनात फिरताना तो प्रत्येक फेऱ्यात दोनदा किंचित भरभर व दोनदा किंचित सावकाश चालतो. जोडीचा दुसरा सांधा हा चढउतार उलटा करून मिटवतो. मात्र त्यासाठी दोन्हींचे कोन जुळावे लागतात. ताशी 40 किलोमीटरला पिकअपचे चाक सेकंदाला सुमारे 5 फेरे घेते आणि शाफ्ट त्याच्या चौपट, म्हणजे सुमारे 20. त्यामुळे सांध्याचा दोष सेकंदाला चाळीसएक बारीक धक्क्यांच्या रूपाने बैठकीखाली जाणवतो. टायरची डळमळ याहून पुष्कळ संथ असते. हा फरक अंगाला कळतो.

मालाच्या वजनाने मागचे पाटे दबतात. ॲक्सिलरेटर दाबला की ॲक्सल त्या पाट्यांवर किंचित पिळला जाऊन त्याचे नाक वर उचलते, आणि सांध्यांचा कोन बदलतो. क्रॉस घट्ट असेल तर तो हे निभावून नेतो, झिजलेला नेत नाही. रिकाम्या गाडीत रोग लपून राहतो तो यामुळेच.

तपासणीसाठी गाडी सपाट जागी उभी करावी, किल्ली काढून घ्यावी, हँडब्रेक ओढून चाकांना ठोकळे लावावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणी शिरू नये. सांध्याच्या दोन्ही बाजू हातांनी धरून उलटसुलट पिळाव्यात. जाणवण्याइतका खेळ असेल तर क्रॉस संपला. टोपीभोवती विटकरी रंगाची भुकटी दिसली, तर आतले ग्रीस आटून रोलर गंजल्याची ती खूण आहे. दोन तुकड्यांच्या शाफ्टला मध्यावर रबरात बसवलेले बेअरिंग असते. ते रबर चिरले की दांडा हाताने सहज वरखाली होतो.

अशी गाडी ‘हंगामापुरती’ रेटणे फार महाग पडू शकते. पुढचा सांधा तुटला तर शाफ्टचे टोक रस्त्यावर आदळते आणि खड्ड्यात रुतून गाडी उचलूनही टाकू शकते. केबिनमध्ये चालक असतो आणि पुष्कळदा मागे, नियमाविरुद्ध, हमालही बसलेले असतात.

मिस्त्रींनाही एक विनंती. सिलिंडर ओळखण्यासाठी इंजेक्टरची नळी सैल करून पाहण्याची जुनी रीत कॉमन रेल इंजिनावर कदापि वापरू नये. तेथे डिझेलचा दाब 1000 बारहून अधिक असतो आणि ती बारीक धार कातडी भेदून शरीरात शिरते.

क्रॉस बदलणे हे मोठे काम नव्हे. शाफ्ट उतरवण्यापूर्वी दोन्ही बाजूंवर रंगाची खूण करावी, म्हणजे तो होता त्याच स्थितीत परत बसेल. नळीवर हातोडा मारू नये आणि तिला जोडलेले वजनाचे छोटे तुकडे निखळू देऊ नयेत. ग्रीसचे निपल असेल तर चारही टोप्यांतून नवे ग्रीस डोकावेपर्यंत ते भरावे. चाचणी रिकाम्या गाडीने घेणे व्यर्थ. तोच भार आणि तोच रस्ता हवा.

नवा क्रॉसही काही महिन्यांत वाजू लागला, तर नजर पाट्यांकडे वळवावी. अधिक माल बसावा म्हणून जादा पाटा घालण्याची प्रथा आपल्याकडे रुळली आहे. त्याने गाडीची पाठ उचलते, शाफ्टचा कोन कायमचा बिघडतो, आणि वाढीव ओझ्याचा ताण पुन्हा त्याच सांध्यावर येतो. नोंदणी प्रमाणपत्रावर रिकाम्या गाडीचे आणि मालासह एकूण असे दोन्ही आकडे असतात. वजाबाकी केली की न्यायचा माल कळतो. पाटा काढला तर प्रत्येक फेरीत गुळाचे काही रवे कमी बसतील आणि हंगामात फेऱ्या वाढतील. तो हिशेब मालकाने आपल्या वहीत मांडावा, आणि मांडताना चालकाला शेजारी बसवावे.