आपली भांडी, आपली बोचकी

चित्रकलेचा तास हा आपल्या बहुतेक उर्दू शाळांतला बेवारस तास आहे. गणिताचा पोर्शन राहिला की तो गणिताला जातो, परीक्षा जवळ आली की इंग्रजीला. पालक म्हणतात, "तसवीर जायज नाही." शिकलेसवरलेले म्हणतात, "भांड्यांत बघण्यासारखे काय असते?" आणि आपले साहित्यिक म्हणतात, "समाजापुढे याहून मोठे प्रश्न आहेत." ही तिन्ही उत्तरे मला मान्य नाहीत.

जानदारांच्या चित्रांचा वाद उलेमांवर सोडू. निर्जीव वस्तूंचे काय? चित्रे काढून पोट भरणाऱ्या एका माणसाला हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी झाडे आणि निर्जीव वस्तू काढण्याची वाट दाखवली, अशी रिवायत सहीह बुखारीत आहे. शासकीय रेखाकला परीक्षांत एलिमेंटरीला वस्तुचित्र आणि इंटरमीजिएटला स्थिरचित्र असते. लोटा, पातेले, कांदा, वांगे! यात कोणाचे ईमान धोक्यात येते? निदान तेवढा तास तरी मुलांना मिळू द्या.

आता दुसरे उत्तर. बिहारमधील खगौल या रेल्वेच्या गावात १९६४ साली जन्मलेल्या सुबोध गुप्ता यांनी घरोघरीची स्टीलची भांडी तैलरंगात रंगवली. 'सात समंदर पार' या त्यांच्या चित्रमालिकेत विमानतळावरच्या ट्रॉल्या आहेत, आणि त्यांवर आखातातून परतणाऱ्या मजुरांचे बांधलेले सामान. ही चित्रे जगभरच्या कलादालनांत पोहोचली. वाचकहो, हे सामान ओळखीचे वाटत नाही? कोकणातल्या आपल्या कितीतरी घरांत सौदी, कुवेत, दुबईहून नायलॉनच्या दोरीने करकचून बांधलेला खोका आला. दोरी कापताना सगळे घर भोवती बसले. आपण साबण-अत्तर वाटले आणि पुठ्ठा भंगारात दिला. त्या खोक्यात कोणाचे तारुण्य आणि कोणाची वाट पाहणे बांधले होते, ते आपण चितारले नाही. चितारण्यालायक आहे असेही आपल्याला वाटले नाही.

राहिले मोठे प्रश्न. पॅरिसमध्ये काही मंडळी गरिबांना डुकराचे मांस घातलेले सूप वाटत, म्हणजे मुसलमान आणि यहुदी आपोआप रांगेबाहेर! या प्रकारावरची बंदी फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने जानेवारी २००७ मध्ये कायम ठेवली. अशा सूपवाटपाच्या बातम्या वाचून गुप्तांनी २००६ साली स्टीलच्या भांड्यांची एक प्रचंड कवटी उभारली. नाव दिले 'व्हेरी हंग्री गॉड', फार भुकेला देव. घोषणा नाही, भाषण नाही, नुसती भांडी. कोणी कोणाबरोबर जेवायचे, हा मोठा प्रश्न नाही तर काय आहे?

हे सारे परके वाटत असेल, तर आपल्या चिंचणीकडे या. येथे सापडलेला एक राष्ट्रकूट ताम्रपट शके ८४८, म्हणजे इ.स. ९२६ चा आहे. त्या काळी संजाण प्रांताचा कारभार मधुमती नावाच्या ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे होता. मधुमती हे मोहम्मद या नावाचेच संस्कृत रूप मानले जाते. या माणसाची कोणती कामे ताम्रपटाने नोंदवली? लढाया आहेतच, पण दोन प्रवाहांवर फुकट नाव ठेवली हेही आहे. अन्नछत्र काढले, तेथे भात, कालवण आणि तूप मोफत मिळे, हेही आहे. अकराशे वर्षांपूर्वीच्या लेखनिकाला नाव आणि तूप तांब्यावर कोरण्याइतके मोलाचे वाटले. आपल्याला तारापूर एमआयडीसीत जाणाऱ्या कामगाराचा जेवणाचा डबा कागदावर काढण्याइतकाही मोलाचा वाटू नये?

बी.एड.ला आम्ही सगळ्यांनी "मूर्ताकडून अमूर्ताकडे" हे सूत्र पाठ केले आणि वर्गात पाऊल टाकताच विसरलो. अस्मिता, ओळख, परंपरा हे शब्द आपल्या परिसंवादांत उदंड आहेत, पण ते अमूर्त आहेत. मूर्त काय आहे? दस्तरखान आहे, देग आहे, सरपोश आहे, पोचे आलेला डबा आहे, दोरीने बांधलेला खोका आहे. ते मुलांसमोर टेबलावर ठेवा आणि म्हणा, नीट बघून काढा. मुख्याध्यापकांनी तो तास गणिताला देऊ नये. पालकांनी मुलांना रेखाकला परीक्षेला बसवावे. आणि साहित्यिकांनी एखादे वर्ष मोठे प्रश्न बाजूला ठेवून स्वतःच्या स्वयंपाकघरात डोकावावे. ते प्रश्न तिथेच चुलीपाशी बसलेले दिसतील.