दिव्यास दुरून हांक

अलिबाग, आक्षी, नागांव या बाजूच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत अलीकडे मुंबई-पुण्याकडील लग्नें पुष्कळ होतात. घरांत छायाचित्रणाची हौस असलेलें कोणी तरी असतेंच. कॅमेरा आणि फ्लॅश आलेले असतात. पुढें प्रश्न निघतो तो फ्लॅश दुरून पेटविणाऱ्या बिनतारी ट्रिगरचा. वस्तु मुठींत मावण्याएवढी, परंतु तिच्यावर अवलंबून असतें तें मोठें. अंतरपाट एकदांच दूर होतो. त्या क्षणीं दिवा पेटला नाहीं, तर तो क्षण पुन्हां मागून मिळत नाहीं. म्हणून ट्रिगर निवडतांना गुणांची लांबलचक यादी न पाहतां तो प्रत्येक वेळीं हुकूम पाळील कीं नाहीं, हेंच आधीं पाहावें असें आम्हांस वाटतें.

फ्लॅश दूर न्यावयाचा तरी कशासाठीं? कॅमेऱ्यावरील फ्लॅशचा प्रकाश समोरून सरळ पडतो. चेहरा सपाट दिसतो आणि मागें भिंतीवर काळी सावली उमटते. तोच प्रकाश बाजूनें, जरा उंचावरून आला म्हणजे नाक-डोळे उठून दिसतात. शिवाय अंतर दुप्पट झालें कीं प्रकाश चौथाईवर येतो. तेव्हां कॅमेरा लांब असला तरी फ्लॅश वधूवरांजवळ असणें हिताचें.

दुरून हांक मारण्याचे मार्ग तीन. तार जोडली तर मंडपांत पायांत अडकते. दुसऱ्या फ्लॅशचा उजेड पाहून पेटणारा 'डोळा' स्वस्त खरा, परंतु तो पाहुण्यांच्या फ्लॅशनेंही पेटतो, भर उन्हांत वाळूवर दिपतो आणि खांबाआड गेला कीं आंधळा होतो. रेडिओ ट्रिगरला या अडचणी नाहींत. ट्रान्समीटर कॅमेऱ्यावर बसतो. रिसीव्हर फ्लॅशखालीं, किंवा फ्लॅशच्या पोटांतच असतो.

रेडिओ ट्रिगर घेतांना प्रथम त्याची लहर विचारावी. आपल्या देशांत २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांसाठीं २००५ पासून विनापरवाना खुला आहे, आणि आजचे बहुतेक ट्रिगर त्याच पट्ट्यांत चालतात. परदेशांतून आप्तांनीं आणलेल्या जुन्या ट्रिगरांत मात्र ३४४ मेगाहर्ट्झचे अमेरिकन आणि ४३३ मेगाहर्ट्झचे युरोपीय नमुने असतात. ते एकमेकांशीं बोलत नाहींत, आणि येथील नियमांत बसतात कीं नाहीं हेंही पाहावें लागतें.

२.४ गिगाहर्ट्झवर वायफाय आणि ब्लूटूथ यांचीही दाटी असते. अदृश्य शेजाराचा हा उपद्रव अलिबागेस नवा नाहीं. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें दिसतांच कुलाब्याच्या वेधशाळेंतील चुंबकीय नोंदी बिघडण्याचें भय उत्पन्न झालें, आणि म्हणूनच १९०४ सालीं अलिबागेस चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. तेथें जागा बदलावी लागली. आपणांस चॅनेल बदलून भागतें. यास्तव अनेक चॅनेल असलेला ट्रिगर घ्यावा. माणसांच्या शरीरांतील पाणीही या लहरी शोषून घेतें, म्हणून रिसीव्हर डोक्यांच्या वर राहील असा उंच बांधावा.

आतां खर्चाचा विचार. सायंकाळच्या मंडपासाठीं केवळ फ्लॅश पेटविणारा साधा ट्रिगर पुरतो. प्रकाश हातानें कमीजास्त करतां येतो. मात्र दुपारीं समुद्रकांठीं चित्रें घ्यावयाचीं असल्यास गोष्ट निराळी. बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० सेकंदापेक्षां जलद शटर ठेवल्यास चित्रावर काळा पट्टा येतो. तेथें 'हायस्पीड सिंक' असलेला ट्रिगर लागतो, आणि तो कॅनन, निकॉन, सोनी यांपैकीं आपल्या कॅमेऱ्याच्या जातीचाच हवा. या सोयीपायीं फ्लॅशचें बळ बरेंच घटतें, हें विसरूं नये.

घरांत जुना फ्लॅश असल्यास तो सरळ कॅमेऱ्यावर बसवूं नये. कांहीं जुन्या फ्लॅशांच्या संपर्कबिंदूवर शंभर-दोनशे व्होल्टचा दाब असतो. आजच्या कॅमेऱ्यास तो मारक ठरूं शकतो. रेडिओ ट्रिगरमुळें कॅमेरा त्यापासून अलग राहतो. मात्र रिसीव्हर तेवढा दाब सोसतो ना, हें माहितीपत्रकांत पाहावें.

किनाऱ्यावरील खारी हवा धातूच्या टोकांस गंज चढविते. काम झालें कीं सेल काढून ठेवावे, संपर्कबिंदु कोरड्या फडक्यानें पुसावे आणि ट्रिगर सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यांत ठेवावा.

जाहिरातींतील शंभर मीटरच्या पल्ल्यास भुलूं नये. मंडपांत वीस पावलेंही फार झालीं. कार्याच्या दोन दिवस आधीं घरच्या मंडळींस मध्यें उभें करून ट्रिगर पन्नास वेळां चालवून पाहावा. एकदांही चुकल्यास सेल व चॅनेल बदलून पुन्हां पाहावें, आणि तरीही चुकत असल्यास तो दुकानदाराकडे परत करावा.